आजी-आजोबांची हालचाल प्रश्नावलीने मोजता येते का?

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सध्या निफाड तालुक्यातल्या काही गावांत साठीच्या पुढच्या लोकांचा सर्व्हे चालू आहे, त्यात घरोघर जाऊन प्रश्न विचारायचं काम आमच्या टीमकडे आहे. विषय ऐकायला साधा, ही मंडळी आठवड्यात किती हालचाल करतात. पण जितकी घरं फिरतेय तितकं मला पटत चाललंय की जी प्रश्नावली आम्ही हातात घेऊन फिरतोय ती म्हाताऱ्या माणसांना, त्यातही बायकांना, लागूच पडत नाही. म्हणून हा धागा.

आमच्याकडे आयपॅक (हालचाल मोजायची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली) आहे, त्याची छोटी आवृत्ती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, १९९८ मध्ये जिनिव्हात तज्ज्ञ जमले, मग १२ देशांत चाचणी झाली, २००३ मध्ये निकाल छापून आले आणि तेव्हापासून जगभर ही वापरात आहे. ७ प्रश्न. गेल्या ७ दिवसांत दमवणारं काम किती दिवस आणि किती वेळ केलं, मध्यम काम किती, चालणं किती, शेवटी बसून किती वेळ गेला. अट अशी की सलग १० मिनिटं तरी केलेलंच धरायचं. मग चालण्याच्या मिनिटांना ३.३ ने गुणायचं, मध्यमला ४ ने, दमवणाऱ्याला ८ ने, सगळ्याची बेरीज. किमान ६०० झाले तर मध्यम सक्रिय.

आता परवाचंच बघा. एक आजी, बहात्तरीच्या.
"आजी, गेल्या आठवड्यात मध्यम मेहनतीचं काम किती दिवस केलं?"
"कसलं काम गं बाई, पोरं करू देतात का आता. बसूनच असते मी."
हे म्हणताना पुढ्यात सूप होतं, त्यात शेंगदाणे निवडणं चालू होतं. मध्येच उठून शेळीला पाला टाकून आल्या, मग पाळण्यातलं नातवंड रडलं म्हणून त्याला कडेवर घेऊन ओटीवर फेऱ्या मारल्या, मग अंगणातलं वाळवण कोंबड्यांनी विस्कटलं म्हणून तिकडे धावल्या, वाकून सगळं परत पसरलं. प्रत्येक काम दोन ते पाच मिनिटांचं. फॉर्मवर काय गेलं? शून्य दिवस, शून्य मिनिटं. शेजारच्या घरातले निवृत्त गुरुजी म्हणाले रोज तासभर फिरतो. ६० गुणिले ७ गुणिले ३.३, झाले १३८६. गुरुजी सक्रिय, आजी निष्क्रिय. दोघांचं घर दिवसभर बघणाऱ्या कुणालाही विचारा हे पटतं का.

बरं, याच्या उलटंही होतं. एक मावशी अजून द्राक्षबागेत विरळणीला (घडातले जादा मणी काढायला) जातात, हात वर करून सहा-सहा तास उभं काम. पण हिशोबाच्या नियमात एका प्रकारचं काम दिवसाला १८० मिनिटांच्या वर असेल तर ते १८० वरच कापतात, म्हणजे त्यांचे तीन तास सरळ उडाले. शिवाय आयपॅक मुळात १५ ते ६९ वयासाठी तयार झाली होती, आणि आम्ही ती पंच्याऐंशीच्या बाबांना विचारतोय. कुणी असं काम केलंय का? तुमच्या घरातल्या ज्येष्ठांना असं कुणी विचारलं तर ते काय सांगतात हेही लिहा.

जुना_कंडक्टर
ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. माझं वय ७४, एसटीतून रिटायर. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मागे शिबिर झालं होतं तिथे असाच फॉर्म भरून घेतला. ओळीने सगळे सांगत होते ३० मिनिटं, ३० मिनिटं, एखादा ६०. कारण डॉक्टरांनी प्रत्येकाला अर्धा तास चाला म्हणून सांगितलेलं, मग डॉक्टरांच्या माणसासमोर पंचवीस कोण म्हणेल? खोटं बोलायचं म्हणून नाही हो, समोरचा नाराज होऊ नये असं वाटतं.

दुसरं म्हणजे माझं फिरणं कसं असतं ते सांगतो. सकाळी दूध आणायला निघतो, कोपऱ्यावर जोशी भेटतात तिथे पाच-सात मिनिटं उभा, मग देवळाच्या पायरीवर टेकतो कारण गुडघा, मग पेपर घेऊन परत. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत तास होतो. यात चालणं किती आणि सलग दहा मिनिटांचे तुकडे किती, हे मी कसं सांगणार? मला विचारलं की उठलात किती वाजता, मग काय केलंत, कुठवर गेलात, वाटेत कुठे टेकलात, तर सगळं बरोबर सांगेन. आयुष्यभर गाडी किती वाजता सुटली, कुठल्या स्टॉपला किती वाजता लागली हेच लक्षात ठेवलंय. आठवड्याची बेरीज विचारली की मात्र अंदाजपंचे.

मोजपट्टी
संख्याशास्त्रवाला आहे म्हणून त्या बाजूने लिहितो. वर ज्या १२ देशांच्या चाचणीचा उल्लेख आहे तिचे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. तीच प्रश्नावली त्याच माणसाला थोड्या दिवसांनी परत विचारली तर उत्तरं किती जुळतात, तर सहसंबंध साधारण ०.८ (१ म्हणजे पूर्ण जुळलं), म्हणजे छान. आणि कमरेला यंत्र लावून मोजलेल्या हालचालीशी किती जुळतात, तर साधारण ०.३. म्हणजे माणूस दोन्ही वेळा तेच सांगतो पण जे सांगतो ते यंत्राला दिसलेल्याशी फारसं जुळत नाही. लोक पहिला आकडा दाखवून प्रश्नावली विश्वासार्ह आहे म्हणतात आणि दुसऱ्याबद्दल गप्प बसतात. आणि ही चाचणी मुख्यतः तरुण, मध्यमवयीन लोकांवरची, म्हाताऱ्यांमध्ये तर स्मरणाचा प्रश्न अजून वाढतो.

आता कुणी म्हणेल एकेका माणसाचा आकडा चुकला तरी हजार माणसांची सरासरी ठीक येते. येते, पण चूक सगळ्यांत सारखी असेल तरच. द्राक्षवेल यांच्या उदाहरणात तीच तर गडबड आहे, पुरुषांची हालचाल म्हणजे सकाळचा फेरफटका, ठरलेल्या वेळेचा, ठरलेल्या रस्त्याचा, तो आठवतो. बायकांची हालचाल दिवसभर सांडलेली, ती आठवत नाही आणि आठवली तरी दहा मिनिटांच्या अटीत बसत नाही. मग रिपोर्टमध्ये छापून येतं की ज्येष्ठ महिला पुरुषांपेक्षा जास्त निष्क्रिय आहेत, आणि पुढचे दहा लोक तेच वाक्य उचलतात. तो फरक बायकांच्या हालचालीतला आहे की फॉर्मचा आहे हे कुणी तपासत नाही. मला याचा खरंच राग येतो.

अबोली७
एवढं विचारत बसण्यापेक्षा सरळ हातात बँड बांधा ना सगळ्यांच्या. हजार-बाराशेला मिळतात आता. आठवड्याने काढून घ्या, आकडे तयार.

द्राक्षवेल
@अबोली७, बँड हवेतच, थोड्या लोकांना आम्ही लावणारही आहोत. पण ते म्हणजे सत्य असं समजू नका. मनगटावर लावला तर कणीक मळताना पावलं मोजतो, आणि वॉकर धरून चालणाऱ्या आजोबांचे हात हलतच नाहीत म्हणून पावलं सुटतात. कमरेचं यंत्र संशोधनात जास्त वापरतात, पण ते बेल्टला लावायची वस्तू. नऊवारी नेसलेल्या आजींना ते लावायचं कुठे? काही जणींच्या परकराच्या नाडीला बांधून बघितलं, बसलं की टोचतं म्हणून काढून फडताळावर ठेवतात आणि संध्याकाळपर्यंत विसरतात, मग यंत्र म्हणतं आजी दिवसभर झोपून होत्या. खूप हळू, पाय घासत चालणाऱ्यांची पावलं कमरेच्या यंत्रातून गळतात हे तर जुनं दुखणं आहे. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चाललं काय आणि रिकामं चाललं काय, यंत्राला दोन्ही सारखंच. आणि महत्त्वाचं, यंत्र हालचाल सांगतं पण ती कशासाठी होती ते सांगत नाही, शेतात गेल्या की नातवाला शाळेत सोडायला गेल्या. ते माणसालाच विचारावं लागतं, म्हणून तर प्रश्नावली नीट हवी.

धावता_डॉक्टर
थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका. घरकाम म्हणजे व्यायाम नाही. ओपीडीत रोज ऐकतो, घरातलं सगळं मीच करते मग वेगळं चालायला कशाला जाऊ. शुगर वाढलेली, वजन वाढलेलं. उद्या तुमच्या प्रश्नावलीने शेंगदाणे निवडणं हालचालीत मोजलं तर लोकांना वाटेल आपलं झालं काम. हृदयाला फायदा होतो तो थोडी धाप लागेल, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. ते मोजा.

मोजपट्टी
डॉक्टरसाहेब, सल्ला काय द्यायचा आणि काय घडतंय याची नोंद कशी करायची हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पेशंटला तुम्ही चालाच म्हणा. पण नोंदच चुकली तर तुमचा सल्ला कुणाला हवाय हेही कळणार नाही.

द्राक्षवेल
@धावता_डॉक्टर, रागावायचं काय त्यात, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण तुमच्याच कसोटीत माझा मुद्दाही आहे. आपण ज्या ३.३, ४, ८ ने गुणतो तो मेटचा आकडा, म्हणजे नुसतं बसण्याच्या किती पट ऊर्जा लागते ते. तो ठरवताना बसून असताना किलोला मिनिटाला ३.५ मिली ऑक्सिजन लागतो असं धरतात, तो तरुण माणसाचा अंदाज आहे. म्हातारपणी तो कमी होतो. २०२४ मध्ये साठीच्या पुढच्यांसाठी कामांची वेगळी यादी निघाली त्यात हाच आकडा २.७ धरलाय. आणि दमसास पण कमी झालेला असतो. म्हणजे विहिरीवरून कळशी आणणं पस्तिशीच्या सुनेला मध्यम असेल तर ऐंशीच्या सासूला ते तुमचं धाप लागण्याचं काम आहे. प्रश्नावली मात्र दोघींना ४ नेच गुणते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ती सलग १० मिनिटांची अट काढून टाकलीये, थोडी थोडी केलेली हालचालही धरा म्हणतात. सूचना बदलल्या पण फॉर्म जुनेच.

धावता_डॉक्टर
दहा मिनिटांचं मान्य. त्याच सूचनांत ६५ च्या पुढच्यांना तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यात ३ किंवा जास्त दिवस करा असंही आहे, ते आयपॅकमध्ये विचारतच नाहीत. पडून खुब्याचं हाड मोडलेले पेशंट बघतो तेव्हा वाटतं हाच प्रश्न सगळ्यात आधी हवा. जमिनीवर बसून हात न टेकता उठता का, एवढं तरी विचारा.

द्राक्षवेल
हे विचारायला हवंच. फक्त ते वेगळ्या रकान्यात, कारण काय करता येतं आणि रोज काय केलं जातं या दोन गोष्टी आहेत. धडधाकट असून दिवसभर टीव्हीसमोर बसणारेही भेटतात आणि गुडघे गेलेले असून शेताची चक्कर न चुकवणारेही भेटतात.

मिनेसोटाकर
पेस नावाच्या प्रश्नावलीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी इथे ज्येष्ठांच्या एका कार्यक्रमात डेटाचं काम बघतो, आमच्याकडे तीच वापरतात. १९९३ मध्ये न्यू इंग्लंडमध्ये ६५ च्या पुढच्यांसाठीच बनवली. यात घरकाम, बागकाम, घराची दुरुस्ती, दुसऱ्या माणसाची काळजी घेणं, सगळं वेगवेगळं विचारतात आणि प्रत्येकाला वजन आहे. हलकं घरकाम २५, जड घरकाम २५, बाग २०, काळजी घेणं ३५. चालण्याचं वजन २०, त्याला रोजच्या सरासरी तासांनी गुणायचं. म्हणजे वरच्या आजींचे हलकं घरकाम आणि नातवंड मिळूनच ६० होतात, गुरुजींच्या फिरण्याचे वीस-पंचविसाच्या घरात. चित्र उलटं झालं.

पण ती जशीच्या तशी तिकडे नेऊ नका. हलक्या खेळांच्या उदाहरणात बोलिंग, गाडीत बसून गोल्फ, धक्क्यावर बसून मासेमारी असलं येतं. अंगणाच्या कामात बर्फ काढणं आहे. माझी आई इथे आली होती तेव्हा तिला सहज विचारून बघितली, दोन पानं नाही नाही म्हणत गेली आणि काळजी घेण्याच्या प्रश्नाला थबकली, म्हणाली तुझ्या बाबांना उठवते-बसवते ते धरायचं का? तोपर्यंत तिला कुणी विचारलंच नव्हतं. आणि यातही खोट आहेच, घरकाम आणि काळजीचे प्रश्न फक्त हो किंवा नाही, दहा मिनिटं करा नाहीतर दिवसभर, ३५ ते ३५.

देवनार_लोकल
आपल्याकडचंही सांगायला हवं. लासी नावाचा वाढत्या वयाच्या लोकांचा मोठा अभ्यास आहे, आमच्या देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांसोबत केलेला. पहिली फेरी २०१७-१८ ची, ४५ च्या पुढचे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर लोक. त्यात दमवणाऱ्या कामाच्या उदाहरणात कुदळ-फावड्याने खणणं, जड उचलणं, शेतकाम आहे आणि मध्यममध्ये घर झाडणं-पुसणं, हाताने कपडे धुणं, पाणी-लाकूड आणणं. योग-प्राणायामाचा प्रश्न वेगळा आहे. उदाहरणं आपली असली की माणूस लगेच म्हणतो हो हो हे करतो मी.

त्याआधी २०१४ मध्ये आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहावरच्या पाहणीतला हालचालीचा अभ्यास आला, त्यात महाराष्ट्र होता, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड पण. १४,२२७ लोक, २० च्या पुढचे सगळे, त्यातले ५४.४ टक्के निष्क्रिय निघाले. तिथे जीपॅक ही आयपॅकसारखीच दुसरी प्रश्नावली वापरली होती, तिच्यात घरकाम कामाच्या भागात धरतात हे चांगलं, पण दहा मिनिटांची अट तिलाही होती.

आणि जुना_कंडक्टर काका, तुम्ही म्हणताय ती पद्धत सरकारच्या वेळेच्या वापराच्या पाहणीत आहे. २०१९ मध्ये झाली. आदल्या दिवशी पहाटे ४ पासून त्या दिवशी पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाचे खाने, प्रत्येकात काय केलं ते लिहायचं, एका वेळी दोन कामं चालू असतील तर तीही. फक्त काम किती जोरात केलं ते त्यात नाही.

जुना_कंडक्टर
वा, म्हणजे अगदीच काही चुकीचं बोललो नाही मी.

सूनबाई_कोथरूड
मी फक्त वाचत होते पण एक गोष्ट राहतेय. उत्तर देतं कोण? आमच्याकडे आरोग्याच्या सर्व्हेवाली मुलगी आली होती, सासऱ्यांना ऐकू कमी येतं म्हणून तिने सगळं मलाच विचारलं. मी सकाळी नऊला ऑफिसला जाते ते सातला येते. मला काय माहीत ते दिवसभरात काय करतात? मी सांगितलं झोपतात आणि टीव्ही बघतात. नंतर वॉचमनकडून कळलं की दुपारी रोज चार मजले उतरून खाली जातात, झाडांना पाणी घालतात, परत चढून येतात, आम्ही ओरडू म्हणून सांगत नाहीत. त्या मुलीच्या फॉर्मवर ते कायमचे निष्क्रिय म्हणून गेले. सुनेने, मुलाने दिलेलं उत्तर आणि स्वतः दिलेलं उत्तर यात खूण तरी वेगळी करा.

अबोली७
@सूनबाई, आमच्याकडे उलटं. आईला विसरायला होतं, ती सांगते रोज देवळात जाते. गेल्या दिवाळीपासून गेलेली नाही.

द्राक्षवेल
सगळ्यांचे मनापासून आभार, बऱ्याच गोष्टी आजच्या आज गाईडसमोर ठेवणार आहे. आयपॅक पूर्ण सोडता येणार नाही, बाकीच्या अभ्यासांशी तुलना करायला ती लागते, पण तिच्या जोडीला आमचा एक भाग असेल. पहाटेपासून रात्रीपर्यंत कालचा दिवस विचारायचा, वेळ घड्याळात न विचारता चहा, जेवण, शाळा सुटणं, गाई-म्हशींचं दूध काढणं, सातची मालिका यांच्या आधारे. तुकड्यातुकड्यांचं काम धरायचं. काळजी घेण्याला स्वतंत्र जागा, आणि तिथे किती वेळ हेही. उत्तर कोणी दिलं ते लिहायचं, स्मरणाची छोटी तपासणी आधीच होते तिचा गुण शेजारी ठेवायचा. जमिनीवरून उठण्याचा प्रश्न डॉक्टरांच्या सांगण्यावरून. आणि काही जणांना यंत्र, सात दिवस.

एक अडचण मात्र सुटत नाहीये. आमच्याकडे ऑक्टोबरला गोडी छाटणी झाली की पुढे विरळणी, घडांना पेपर लावणं, मग काढणी, एप्रिलात खरड छाटणी. या दिवसांत सत्तरीच्या बायकाही बागेत असतात. पावसाळ्यात त्याच घरी. गेले ७ दिवस असा प्रश्न जुलैत विचारला तर एक उत्तर, नोव्हेंबरात दुसरंच. नेहमीचा आठवडा कसा असतो असं विचारलं तर विचारतात, कोणत्या महिन्यातला?

मोजपट्टी
त्याच लोकांकडे दोनदा जा, एकदा हंगामात आणि एकदा पावसाळ्यात. नमुना निम्मा करावा लागला तरी चालेल. एकदाच विचारलेल्या दुप्पट लोकांपेक्षा दोनदा विचारलेले निम्मे लोक तुमच्या प्रश्नाला जास्त उपयोगी आहेत. आणि भेटीची तारीख प्रत्येक फॉर्मवर, विश्लेषणात ती लागणार.

द्राक्षवेल
बजेट बघून विचारते. दोनदा जायला मलाही आवडेल, तशीही त्या आजींनी पेपर लावायच्या दिवसांत परत ये म्हणून सांगितलंय.

जुना_कंडक्टर
जाल तेव्हा सकाळी अकराच्या आत जाऊ नका. तेव्हा सगळे कामात असतात आणि तुम्हाला वाटेला लावायला शून्य-शून्य सांगून मोकळे होतात. दुपारी जेवणं झाल्यावर जा, चहापर्यंत थांबा.